लिबोरिओ मास्तरांच्या पुस्तकावर माझा अभिप्राय

...आणि वर मलाच म्हणतात, बाउदिलिओ, तू म्हणजे गोगलगाय आहेस. मी गोगलगाय! अहो, सात किलोमीटर सायकल हाणत जायचं, सात किलोमीटर परत यायचं, पोटात नुसतं साखरेचं पाणी, मागच्या चाकात ट्यूबऐवजी बागेतल्या नळीचा तुकडा कोंबलेला, तो दर खड्ड्याला वेगळा सूर काढतो, आणि हे आठवड्यातून दोनदा, अकरा महिने... आणि मी गोगलगाय. तुम्हाला सांगतो, त्या वर्षी आमच्या अख्ख्या कामागुएई गावात माझ्याइतकी धावपळ कुणी केली नसेल. आणि कशासाठी? तर एका पुस्तकावर अभिप्राय द्यायचा म्हणून. पुस्तक चांगलं की वाईट. चांगलं की वाईट, एवढंच तर लिहायचं होतं हो मला.

पास्कल शिकवणारं पुस्तक. पास्कल म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा, मी ती तंत्रशाळेत शिकवतो, माझं पोट त्यावरच आहे, म्हणजे त्या टंचाईच्या वर्षी कुणाचंच पोट कशावरच नव्हतं, पण कागदोपत्री त्यावरच. आणि पुस्तक कुणाचं? लिबोरिओ मास्तरांचं. आमच्या गावात ज्याला ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला तो लिबोरिओ मास्तरांनी शिकवलाय, मलासुद्धा, आणि तोही कधी, तर कॉम्प्युटर खोलीएवढा असायचा आणि ती खोली लांब राजधानीत, हवानात असायची तेव्हा. आम्ही मशीन बघितलं नव्हतं आणि मास्तर आम्हाला त्याच्याशी बोलायला शिकवत होते. ज्याला पोहायला शिकवायचंय त्याला नदीच दाखवायची नाही, असला प्रकार, पण आम्ही शिकलो की नाही? शिकलो.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे, गुरूचं पुस्तक, शिष्याचा अभिप्राय, 'उत्तम' म्हणून सही ठोकायची आणि घरी जाऊन झोपायचं. सगळे हेच म्हणाले. पण अडलं होतं डोळ्यांशी. माझ्या नव्हे, मास्तरांच्या. त्या साली आमच्याकडे डोळ्यांची साथ आली होती, धड दूध नाही, मांस नाही, माणसांच्या डोळ्यांच्या नसाच सुकायला लागल्या. नर्सबाई दारोदार व्हिटॅमिनच्या पिवळ्या गोळ्या वाटत हिंडायच्या. तरणीताठी माणसं गोळ्या खाऊन बरी झाली. मास्तर अडुसष्ट वर्षांचे आणि तोंडात सतत सिगार. डॉक्टर म्हणाले, "सिगार सोडा, नाहीतर डोळे जातील." मास्तर म्हणाले, "सिगार सोडल्यावर बघण्यासारखं राहतं काय?" झालं. डॉक्टरांनी हात टेकले.

पण मला मात्र त्यांनी जवळ बसवून सांगितलं. म्हणाले, "पोरा, चार वर्षं हातानं लिहिलंय हे. मला फार काही नको. एकदा छापून येऊ दे, एकदा माझं मी, माझ्या डोळ्यांनी वाचू दे. मग जाऊ देत डोळे जायचे तर." असं म्हणून चारशे पानांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं हो. मी म्हटलं, "मास्तर, पंधरा दिवसांत अभिप्राय देतो."

पंधरा दिवसांत.

मग पुस्तकं छापायला मंजुरी देणाऱ्या समितीचा फॉर्म आला. समिती म्हणजे कॉम्रेड ऑर्फेलिना. बाकी चार जण होते, पण ते डुलक्या काढायला यायचे. वर्षाला एकाच पुस्तकाचा कागद मिळायचा, त्यामुळे फॉर्म लांबलचक. भाषा सोपी आहे का. उदाहरणं आपल्या मातीतली आहेत का. आणि सातवा रकाना: 'पुस्तकातला प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः चालवून पाहिला आहे. होय / नाही.'

मी मोजले. एकशे बारा.

मी ऑर्फेलिनाबाईंना विचारलं, "कॉम्रेड, हे एकशे बाराच्या एकशे बारा चालवायचे?" बाई पंख्यासारखी फाईल हलवत होत्या, त्या अशा, मान न उचलता, नाकातून बोलतात: "हे बघा प्रोफेसर, तिथे 'होय' लिहायचं असतं. तो रकाना त्याच्यासाठीच आहे."

बोला आता. लिहायला काय हरकत होती? 'होय' लिहून मोकळा झालो असतो तर आज तुमच्यासमोर रडगाणं गात बसलो नसतो. पण मी पोळलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी असंच एक पुस्तक आलं होतं आमच्या शाळेत, परक्या भाषेतून आणलेलं, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, वर चार विद्वानांचे अभिप्राय, 'उत्तम', 'उत्तम', 'उत्तम', 'अत्युत्तम'. आणि तिसऱ्या पानावरचा प्रोग्रॅम चालेना. माझे विद्यार्थी आठवडाभर तेच टाइप करतायत, परत टाइप करतायत. एक मुलगी, मेहनती हो, वहीत समास आखून लिहिणारी, ती येऊन मला म्हणाली, "सर, मला नाही जमत, मी मठ्ठ आहे." आणि गेली सोडून. पुस्तक चुकलं होतं, आणि मठ्ठ ती ठरली. तुम्हाला सांगतो, स्वयंपाकाचं पुस्तक चुकलं तर माणूस पुस्तकाला शिव्या घालतो, पण प्रोग्रॅमिंगचं पुस्तक चुकलं की शिकणारा स्वतःच्याच कपाळावर हात मारतो. म्हणून मी ठरवलं होतं, माझ्या सहीनं कुणी मठ्ठ ठरता कामा नये.

म्हणून चालवायला बसलो.

आता चालवायला लागतं मशीन. शाळेची चार, गावाबाहेरच्या एका खोलीत ठेवलेली, त्यातली दोन जिवंत, आणि माझी पाळी मंगळवारी आणि गुरुवारी दोन-दोन तास. आणि मशीनला लागते वीज. वीज जाणं ही आमच्याकडे बातमीच नव्हती. वीज आली की माणसं टाळ्या वाजवायची, बायका पंखे लावायच्या, शेजारी रेडिओ बोंबलायला लागायचा आणि तेवढ्यात परत गुल. मी सात किलोमीटर घाम गाळून जायचो, मशीन सुरू करायचो, ते घुर्र घुर्र करत जागं व्हायचं, मी पहिला प्रोग्रॅम टाइप करायचो, चाळीस ओळी, शेवटच्या ओळीवर बोट, आणि... गेली. परत सायकल. पहिल्या महिन्यात किती झाले सांगू? सहा. आणि सहाच्या सहा बरोबर, एका फटक्यात. आणि इकडे मी रस्त्यानं येताना मनात हिशेब करतोय, चांगलं की वाईट, चांगलं की वाईट, एवढंच तर लिहायचंय.

आता माझ्या बायकोचं ऐका. मिग्दालिआ. शिवणकामाच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते, कॉम्प्युटरशी तिचा संबंध एवढाच की नवऱ्याला त्याच्यातलं येतं आणि घरातलं काही येत नाही. पुस्तक घरी टेबलावर पडलेलं असायचं. एक दिवस मी आलो तर टेबलावर सहा कप मांडलेत आणि बाई त्यात काळे घेवडे मोजून टाकतेय.

मी म्हटलं, "हे काय?"

"गप्प. तिसरा धडा."

अहो, मास्तरांनी पुस्तक लिहिलंच होतं बिनमशीनच्या माणसासाठी! कप म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी, घेवडे म्हणजे त्यातली संख्या, एक एक ओळ वाचायची आणि या कपातले घेवडे त्या कपात. बाई वाचतेय, टाकतेय, काढतेय. आणि शेवटी म्हणते कशी, "उत्तर चौदा. बघ मोजून." मोजले. चौदा. मग तिनं ते सगळे घेवडे गोळा केले आणि भिजत घातले. रोज हेच. मी विचारायचो, आज जेवायला काय, तर म्हणायची, "आज प्रोग्रॅम छोटा होता, अर्धी वाटी मिळेल. उद्याचा मोठा आहे." दोन महिन्यांत शिवणयंत्रावरच्या बाईनं अर्धं पुस्तक संपवलं आणि आमचं पोटही त्यावरच भागलं. मी? मी एकविसाव्या प्रोग्रॅमवर होतो. ती म्हणाली, "अरे बाउदिलिओ, पुस्तक चांगलं आहे. मला सांग, मला समजतंय, म्हणजे चांगलंच नाही का? लिही ना." मी म्हटलं, "असं नसतं. तू चालवून कुठे बघितलंस?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की... जाऊ दे.

आणि नववा धडा. जाणकारांना विचारा तुम्ही, कुठलंही पास्कलचं पुस्तक बरं की वाईट हे बघायचं तर नववा-दहावा धडा उघडावा, जिथे एका गोष्टीकडून दुसऱ्या गोष्टीकडे बोट दाखवायचं असतं आणि अशी साखळी बांधायची असते. भले भले लेखक तिथे आपटतात. मी स्वतः तो धडा शिकवतो तेव्हा वर्ग छताकडे बघत असतो. मास्तरांनी काय केलंय? पावाची रांग घातलीय. आता आमच्याकडे रांगेत कुणी उभं राहतं का? उन्हात कोण तापणार? तुम्ही यायचं, विचारायचं, "शेवटचा कोण?" एखादा हात वर करतो. तो लक्षात ठेवायचा आणि खुशाल झाडाखाली जाऊन बसायचं. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माहीत. एवढ्यावर दोनशे माणसांची रांग सरळ चालते. आणि कुणाला कंटाळून जायचं झालं तर मागच्याला सांगायचं, "मी त्या टोपीवाल्याच्या मागे होतो, आता तुम्ही." झाली साखळी. संपला नववा धडा. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं हो, कारण वीस वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

पुढची गंमत तर अशी की त्याच आठवड्यात आमच्या बेकरीसमोर एक म्हातारी मागच्याला न सांगता निघून गेली. झालं, रांग तुटली! मागची साठ माणसं लोंबकळत. हा म्हणतो मी आधी, ती म्हणते मी आधी, एकानं दुसऱ्याची पिशवी ओढली, आणि आमची मिग्दालिआ पायरीवर चढली आणि म्हणाली, "थांबा सगळे. हा नववा धडा आहे. म्हातारीच्या मागे कोण होतं? तुम्ही? मग म्हातारीच्या पुढे कोण होतं, ते कुणी ऐकलं होतं?" एका माणसानं ऐकलं होतं. पाच मिनिटांत रांग परत जोडली. लोक विचारायला लागले, बाई, कुठे शिकलात हे? तर म्हणाली, "एक पुस्तक आहे." "कुठे मिळेल?" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "माझ्या नवऱ्याकडे आहे. तपासतोय."

साठ माणसांनी माझ्याकडे बघितलं. साठ.

एखादा शहाणा माणूस त्याच दिवशी घरी जाऊन लिहिता झाला असता. चांगलं. संपलं. अहो, याच्याहून मोठी परीक्षा कुठल्या पुस्तकाची होते? आणि मी काय केलं? मी गुरुवारी सायकल काढली आणि नवव्या धड्यातला प्रोग्रॅम चालवायला गेलो. चालला. अर्थातच चालला.

दर रविवारी मास्तरांकडे जायचो. ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसलेले. "किती झाले रे?" "चव्वेचाळीस, मास्तर." "किती झाले?" "एकोणसाठ." पण चौऱ्याहत्तरच्या सुमाराला त्यांचं काहीतरी बिनसलं. माझ्याशी बोलायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. मान वळवून तिसरीकडेच, रस्त्याकडे. मी म्हटलं, रागावले. साहजिक आहे, पंधरा दिवस म्हणालो होतो, आठ महिने झाले. घरी येऊन मिग्दालिआला म्हटलं, मास्तर रुसलेत, तोंड फिरवून बसतात. ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मूर्खा, ते रुसलेले नाहीत. त्यांचं मधलं दिसणं गेलंय. कडेचं तेवढं दिसतं आता. तू दिसावास म्हणून ते मान वळवतात."

माझ्याकडे बघायलाच मान वळवत होते हो. आणि मी रुसवा समजत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी गेलो, रविवार नव्हता तरी गेलो. म्हटलं, "मास्तर, अडतीस राहिलेत. न चालवता सही करतो. आजच नेऊन देतो." वाटलं, म्हणतील, दे बाबा दे. खुर्ची झुलायची थांबली. रस्त्याकडे बघत, म्हणजे माझ्याकडेच बघत, म्हणाले, "तुला शंका असेल तर चालव."

आता सांगा, याला उत्तर काय? शंका नव्हती हो! आईची शपथ, तिळमात्र शंका नव्हती. पहिल्या पानापासून नव्हती. पण 'शंका नाही' म्हणायचं तर मग मास्तर विचारणार, आठ महिने काय केलंस. आणि 'शंका आहे' म्हणायचं तर कुणाविषयी, यांच्याविषयी? शेवटी मास्तरच म्हणाले, "जा मग. तुझी पाळी चुकेल." मंगळवार होता. आणि मी गेलो. त्या दिवशी, कधी नव्हे ती, दोन्ही तास वीज होती.

अडतीस चालवायला तीन महिने लागले. एकशे बारावा जेव्हा चालला ना, तेव्हा पडद्यावर बरोबर उत्तर आलं आणि मी एकटाच त्या खोलीत बसून राहिलो, आनंद वगैरे काही झाला नाही. अभिप्राय लिहिला. साठ पानं! कागद नव्हता तर जुन्या शिरगणतीच्या फॉर्मांच्या पाठीवर, प्रत्येक प्रोग्रॅम, प्रत्येक उत्तर, कधी चालवला, वीज किती वेळा गेली. गठ्ठा ऑर्फेलिनाबाईंसमोर ठेवला. बाईंनी उचलला, वजन केल्यासारखा हातात धरला, शेवटचं पान काढलं, वाचलं. मी शेवटी एकच ओळ लिहिली होती. "पुस्तक चांगलं आहे." बाई नाकातून म्हणाल्या, "हं. मला वाटलंच होतं," आणि शिक्का मारला. चांगलं की वाईट, एवढंच लिहायचं होतं, लिहिलं. अकरा महिन्यांत तीन शब्द.

छापायला आणखी दोन महिने. पहिली प्रत मीच आणली, शर्टाच्या आत घालून, पाऊस नव्हता तरी. मास्तर ओसरीवरच होते. आता कडेचंही धूसर झालं होतं. मी पुस्तक हातात दिलं. त्यांनी वास घेतला. कव्हरावरनं बोटं फिरवली, आपलं नाव कुठे असेल तिथे बोटं थांबवली, बरोबर तिथेच होतं. मग उघडलं आणि मान वळवली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, पान तिरकं धरलं.

"बाउदिलिओ, समास कुठे गेले रे?"

"कापले, मास्तर. कागद वाचवायला. चारी बाजूंनी."

"अरेरे," म्हणाले. "मला तेवढेच दिसले असते."

आतून त्यांच्या बायकोनं कॉफी म्हणून काहीतरी आणलं, वाटाणे भाजून केलेलं, ते प्यायलो. मास्तर पुस्तक मांडीवर ठेवून त्याच्यावर तळहात फिरवत बसले होते, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग म्हणाले, "चुका किती निघाल्या?"

"एकही नाही, मास्तर."

"एकशे बारात एकही नाही?"

"एकही नाही." मला अभिमान वाटत होता हो, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, आता खूश होतील, पाठीवर हात ठेवतील.

मास्तर खुर्ची झुलवत राहिले. मग अगदी साध्या आवाजात, राग नाही, टोमणा नाही, वर्गात एखादी शंका विचारावी तसं म्हणाले, "मग अकरा महिने करत काय होतास?"

मी रडलो. तिथंच, कप हातात घेऊन. आवाज काढला नाही, आणि चेहरा असतो मधोमध, तो काही त्यांना दिसला नाही.

पुस्तक आता गावभर आहे. शिवणकारखान्यात मिग्दालिआनं सात बायकांचा वर्ग सुरू केलाय, त्या जेवणाच्या सुट्टीत बटणं घेऊन शिकतात, घेवडे उरतच नाहीत म्हणून. मास्तरांना मी रविवारी वाचून दाखवतो. कुठे अडखळलो की पाठ असल्यासारखे पुढचं म्हणतात. लोक म्हणतात, बाउदिलिओ, काय पुस्तक आहे रे, तुला एवढा वेळ का लागला? गोगलगाय.

आणि परवा कॉम्रेड ऑर्फेलिनांचा निरोप आला. समितीवर मला कायमचं घेतलंय. इतका काटेकोर माणूस पूर्वी मिळाला नव्हता म्हणे. सोबत नवं हस्तलिखित, सहाशे पानं, दुसऱ्याच कुठल्या भाषेवर. दोरीसुद्धा सोडली नाही मी अजून. चांगलं की वाईट ते कळेल यथावकाश... मी आधी उलट निरोप धाडलाय, लेखकाचं वय काय, आणि तब्येत कशी आहे ते कळवा.